नवी सुई चार दिवस चालते, मग पुन्हा पेट्रोल गळतं

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. माझ्या वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. वडील गेल्यावर ती तीन वर्षं मिरजेच्या घरी शेडमध्ये उभी होती. यंदा गुढीपाडव्याला चालू करायची असं मी आणि आईने ठरवलं. इथल्या गॅरेजवाल्यांनी टाकी उतरवून धुतली, बॅटरी, प्लग, पॉइंट नवे घातले, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत रबराचा पाइप जिथे जिथे होता तिथे सगळीकडे नवा टाकला आणि टाकीजवळ प्लास्टिकचा छोटा फिल्टर बसवला. गाडी छान चालू झाली. आठवड्याभरात मात्र कार्ब्युरेटरच्या झाकणाच्या सांध्यातून पेट्रोल झिरपायला लागलं. काळा धूर, प्लग ओले, सिग्नलला गाडी बंद. त्यांनी आतली सुई बदलली. चार दिवस एकदम झकास, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा सुई बदलली, तेव्हा सहा दिवस चालली. कार्ब्युरेटरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं की कधी कधी गळती थांबते. एकदा झाकण उघडलेलं असताना मी डोकावले, तर तळाशी मोहरीच्या टरफलासारखे काळे कण दिसले. आता ते म्हणतात की कार्ब्युरेटर संपला, दुसऱ्या गाडीचा बसवू. बसवू का? आणि तोवर आईला घेऊन ही गाडी गावात फिरवली तर चालेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. गाडी चालवू नका, दवाखान्यापर्यंतसुद्धा नको. झाकणातून झिरपलेलं पेट्रोल गरम इंजिनावर पडतं आणि त्याला पेटायला एक ठिणगी पुरते. दुरुस्ती होईपर्यंत बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. गाडीत एक-दोन किलोचं ड्राय पावडरचं अग्निशामक ठेवा, आणि दुरुस्तीनंतरही ते गाडीतच राहू द्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी कधीही टाकायचं नाही.

आता डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला, किंवा ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली दिसली, तर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय इंजिनाला स्टार्टर मारू नका. कार्ब्युरेटर भरून वाहतो तेव्हा जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि बेअरिंग कोरडी चालतात. कार्ब्युरेटरचं काम हजार-दोन हजारांत होईल, पण बेअरिंग गेली तर सगळं इंजिन उतरवावं लागेल. तुमच्या पत्रात ऑइलचा उल्लेख नाही म्हणून मला खरी काळजी त्याचीच वाटली.

आता मूळ दुखण्याकडे येतो. कार्ब्युरेटर संपलेला नाही. असं मी इतक्या ठामपणे म्हणतो ते तुमच्याच पत्रातल्या चार शब्दांवरून : "चार दिवस एकदम झकास".

कार्ब्युरेटर पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देतो. त्याच्या वाटीत फ्लोट, म्हणजे तरंगणारा पोकळ डबा असतो. घराच्या गच्चीवरच्या टाकीत चेंडूचा कॉक असतो तीच रचना. पेट्रोल वाटीत आलं की फ्लोट वर उचलला जातो, तो सुईला वर ढकलतो, सुई आपल्या सीटवर, म्हणजे पेट्रोल यायच्या भोकाच्या तोंडावर बसते आणि पेट्रोल यायचं थांबतं. इंजिनाने पेट्रोल ओढलं की पातळी उतरते आणि सुई पुन्हा उघडते. गाडीतला पंप एका बाजूने साधारण तीन पीएसआय दाबाने पेट्रोल ढकलत असतो आणि पितळेचा हलका फ्लोट नुसत्या तरंगण्याच्या जोरावर त्याला अडवतो. एवढ्या नाजूक तोलात सुई आणि सीटच्या मध्ये केसापेक्षा बारीक काही अडकलं तरी सुई पूर्ण बसत नाही. पातळी चढत जाते, इंजिनाने न मागता पेट्रोल नोझलमधून कार्ब्युरेटरच्या घशात, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत पडायला लागतं, आणि जागा संपली की झाकणाच्या सांध्यातून बाहेर येतं.

फ्लोट फुटलेला असता, किंवा पातळी चुकीची लागलेली असती, तर सुई बदलल्यावर पहिल्याच दिवशी पेट्रोल वाहिलं असतं. सीट झिजलेली असती तरी पहिल्या तासातच कळलं असतं. तुमची गाडी चार दिवस, सहा दिवस नीट चालते. याचा अर्थ फ्लोट, सुई, सीट आपापलं काम करताहेत आणि काहीतरी बाहेरून येऊन सुईत अडकतंय. ठोकल्यावर गळती थांबते तीही त्याचमुळे : धक्क्याने कण सुटतो, थोड्या वेळाने दुसरा येऊन बसतो. नवी सुई घालताना वाटी धुतली जाते म्हणून चार दिवस मिळतात. त्यात सुईचा गुण काहीच नाही.

मग कण येतात कुठून? टाकी धुतलेली आहे आणि फिल्टर टाकीजवळ आहे, म्हणजे टाकीतला गंज फिल्टरमध्ये अडकणार. शिवाय गंज तांबूस असतो, तुम्ही पाहिलेले कण काळे आहेत. फिल्टरच्या पुढे आणि सुईच्या अलीकडे काळे कण सोडू शकतील अशा दोनच गोष्टी उरतात, पंप आणि रबरी पाइप. त्यातला पाइप नवा आहे म्हणून त्याच्यावर कुणी संशय घेतलेला नाही. माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे.

१९९१ साली कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजवर एका डॉक्टरांची फियाट अशीच तीनदा परत आली होती. मी सुई बदलली, फ्लोट बदलला, शेवटी दुसऱ्या गाडीचा चालू कार्ब्युरेटर काढून त्यावर चढवला. तिसऱ्या दिवशी तोही वाहायला लागला. माझे उस्ताद तेव्हा थकले होते, फक्त संध्याकाळी येऊन बसायचे. त्यांनी कार्ब्युरेटरकडे पाहिलंसुद्धा नाही. पंपापासून वर येणारा वीतभर पाइप मागितला, ब्लेडने उभा चिरला, उलगडला आणि आतून अंगठा फिरवला. अंगठा काजळीसारखा काळा झाला. कुणीतरी पेट्रोलला न चालणारा पाइप घातला होता आणि तो आतून फुगून सुटत होता. त्या दिवसापासून पेट्रोल वाहणारी गाडी आली की मी फिल्टरच्या पुढचा पाइप आधी काढतो आणि झाकणाला हात नंतर लावतो.

आज हे जास्त घडतंय, कारण पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही, रबर फुगतं, मऊ पडतं, आतला थर सुटतो. बरीच वर्षं टाकीत आणि नळीत चिकटून बसलेला चिकट थरसुद्धा इथेनॉल सोडवून पुढे आणतं. त्यामुळे उभी राहिलेली गाडी चालू केली की पहिले काही आठवडे फिल्टर लवकर भरतो. तो दोनदा बदलावा लागला तर घाबरू नका.

तर गॅरेजवाल्यांना एवढं करायला सांगा. पंप ते कार्ब्युरेटर आणि फिल्टर ते पंप, हे दोन्ही पाइप काढा. चिरून बघा, म्हणजे माझं म्हणणं खरं की खोटं ते तुमच्या डोळ्यांसमोर ठरेल. नवा पाइप घेताना नुसता "पेट्रोल पाइप द्या" म्हणू नका. पाइपवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असतं, तो मागा. तो इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांसाठी असतो आणि त्याचं आतलं अस्तर इथेनॉलला टिकतं. महाग वाटेल, पण लागतो जेमतेम मीटरभर. कापताना धारदार ब्लेडने सरळ कापा, पक्कडीने तोडू नका. तोडलेल्या पाइपच्या कडेला बारीक चिंध्या राहतात, आणि पाइप नळीवर रेटून चढवताना रबराची एक चकती सोलून आत जाते. तुम्ही पाहिलेली टरफलं तीही असू शकतात. बसवण्याआधी पाइप पेट्रोलने धुवून हवेने फुंकून घ्या आणि नळीच्या तोंडाला धार असेल तर बारीक पॉलिश पेपरने ती मोडा.

पंपाचं वरचं झाकण काढून आतली जाळीही बघायला सांगा. तिच्यावर काळा चिखल दिसला तर पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदासुद्धा जुन्या रबराचा आहे, तो बदला. तो फाटला तर पेट्रोल थेट इंजिनाच्या चेंबरमधल्या ऑइलमध्ये जातं, आणि मग कार्ब्युरेटर निर्दोष असूनही ऑइलला वास येत राहतो.

दुसरा फिल्टर पंप आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये बसवावा का, यावर मिस्त्रींमध्ये वाद आहे. गरम इंजिनाजवळ दोन सांधे वाढतात, हा विरोधकांचा मुद्दा बरोबर आहे. तरी तुमच्या गाडीला मी बसवीन, पहिलं वर्षभर तरी. दोन्ही बाजूंना चांगल्या क्लिपा हव्यात, फिल्टर इंजिनाला टेकता कामा नये, आणि काचेच्या वाटीचा फिल्टर नको.

झाकण उघडणारच आहे, तर चार गोष्टी तेवढ्यात बघून घ्या. तुमचा दोष त्यात नसेल, पण दोनदा उघडझाप झालेल्या कार्ब्युरेटरमध्ये नवे दोष शिरतात. सुई आणि सीट जोडीनेच बदललेली आहेत ना, ते विचारा. नवी सुई जुन्या सीटवर बसवली तर ती महिन्याभरात नवं दुखणं देते. सीटखाली एक वॉशर असतो. सोलेक्स कंपनीच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी त्याच्या जाडीवर ठरते. साधारण एक मिलिमीटरचा तो वॉशर घाईत विसरला किंवा पातळ पडला की सीट वर सरकते, सुई उशिरा बंद होते आणि पातळी चढते. जुना वॉशर हरवला असेल तर हाताला लागेल तो घालू देऊ नका.

तपासणी सोपी आहे. झाकण उलटं धरा, म्हणजे सुई बंद होईल, आणि पेट्रोल आत यायच्या नळीला स्वच्छ पाइप लावून फुंका. हवा जराही जायला नको. फ्लोट काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल असेल तर खळखळ ऐकू येते. शंका राहिली तर ताज्या गरम पाण्यात बुडवा, भोक असेल तिथून बुडबुडे येतील. फ्लोटला आग दाखवून पेट्रोल उडवणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कुणालाही करू देऊ नका, तो हातात फुटतो. फ्लोट झाळायचाच असेल तर आतलं पेट्रोल पूर्ण काढून, आणि शिसं अगदी थेंबभर. शिशाचा गोळा बसवला तर फ्लोट जड होतो, खोल बुडतो आणि पातळी पुन्हा चढते. चौथं म्हणजे झाकण. काचेवर पालथं ठेवा. डुगडुगलं तर कुणीतरी स्क्रू जास्त आवळून ते वाकवलंय. गळती सांध्यातून दिसते म्हणून लोक स्क्रू आणखी आवळतात आणि झाकण आणखी वाकतं.

एक काम मात्र करू देऊ नका. बाहेरच्या मिक्श्चर स्क्रूला हात लावायचा नाही. तो फक्त आयडलिंगचं, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन हळू चालतं तेव्हाचं पेट्रोल ठरवतो, वाटीतल्या पातळीशी त्याचा काही संबंध नाही. काळा धूर दिसला की तो स्क्रू फिरवायचा ही सवय फार जुनी आहे, आणि मग खरा दोष निघाला तरी गाडी नीट चालत नाही.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना इंजिनात जुनं पेट्रोल साचलेलं असेल. प्लग काढून वाळवा. चोक ओढू नका. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पण पंप करू नका, कारण प्रत्येक दाबाला ॲक्सिलरेटर पंप आणखी एक पिचकारी मारतो. पाच-सहा सेकंद स्टार्टर, मग विश्रांती, मग पुन्हा. चोकची केबल पूर्ण परत जाते ना, तेही बघा. तीन वर्षं उभ्या गाडीत ती हमखास अडकते, आणि अर्धवट उघडा राहिलेला चोक हुबेहूब असाच काळा धूर काढतो.

कार्ब्युरेटर बदलू नका म्हणण्याला आणखी एक कारण आहे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. हजारो टॅक्सी धावत होत्या तोवर ज्या कुर्ल्यात ही गाडी बनायची तिथल्या दुकानांत हवा तो भाग मिळायचा. आता तसं राहिलेलं नाही. मूळ कार्ब्युरेटर, त्याची जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं), पितळेचा फ्लोट हे सगळं या १०८९ सीसीच्या इंजिनाला मापून दिलेलं आहे. दुसऱ्या गाडीचा बसवलात की बूड जुळवायला पट्टी येते, केबलला जोड येतो, जेट जुळत नाहीत. तुमच्या वडिलांनी इतकी वर्षं मूळ भागांसकट सांभाळलेली गाडी आहे. तो कार्ब्युरेटर काढलाच कुणी, तर निदान भंगारात जाऊ देऊ नका, घरी आणून ठेवा.

पाइप चिरल्यावर आतून काय निघालं ते मला नक्की कळवा.

प्रश्न : माझी १९८४ ची पेट्रोल ॲम्बॅसडर सपाटीवर दिवसभर उत्तम चालते. पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोचलो आणि चहाला वीस मिनिटं थांबलो की पुन्हा चालू होत नाही, पेट्रोलचा उग्र वास येतो. पाऊण तासाने आपोआप चालू होते. मिस्त्री म्हणतात कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतोय, किट बदलू.
— एक वाचक, वाई

उत्तर : ओव्हरफ्लो होतोय हे बरोबर, पण किट बदलून जाणार नाही. पेट्रोल उकळतंय. गाडी चालू असताना पंखा वारा देतो, पाणी फिरतं, आणि सतत येणारं ताजं पेट्रोल कार्ब्युरेटरला थंड ठेवतं. बंद केल्याबरोबर तिन्ही थांबतात आणि घाटात तापलेल्या इंजिनाची धग वर चढते. बंद केल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं कार्ब्युरेटर सर्वांत जास्त तापतो. तुमच्या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (मिश्रण आत नेणारी आणि धूर बाहेर काढणारी नळकांडी) एकाच बाजूला आहेत, त्यामुळे ही धग थेट लागते. पेट्रोलमधले हलके भाग चाळीस अंशांच्या आसपासच उडायला लागतात, आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर असल्यामुळे तिथे ते आणखी लवकर उकळतात. वाटीतले बुडबुडे पेट्रोलला नोझलमधून वर ढकलतात आणि ते घशात सांडतं.

खात्री करायची असेल तर पुढच्या फेरीत एअर फिल्टर काढून टॉर्चने घशात बघा. इंजिन आयडलिंगला चालू असताना नोझलमधून थेंब पडत असतील तर दोष सुईचा किंवा पातळीचा. चालू असताना नोझल कोरडी आणि बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी ठिबकायला लागली, तर दोष उष्णतेचा. सिगारेट ओढणारा कुणी जवळ नको.

कार्ब्युरेटरखालचं जाड इन्सुलेटर पॅकिंग शाबूत आहे का ते आधी बघा. मागच्या वेळी कुणी ते काढून नुसता कागदी गॅस्केट घातलेला असतो, असं मी फार वेळा पाहिलंय. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टमधला पत्रा, म्हणजे हीट शील्ड, जागेवर आहे का? पेट्रोलचा पाइप मॅनिफोल्डला चिकटून तर जात नाही? एवढं करूनही थोडा त्रास उरला तर घाट चढल्यावर एखादं मिनिट आयडलिंगला चालू ठेवून मग बंद करा आणि चहा होईपर्यंत बॉनेट उघडं ठेवा. चालू करताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका. बहुतेक वेळा पाऊण तास थांबावं लागणार नाही.

प्रश्न : जुन्या जीपचा मेकॅनिकल पंप गेला म्हणून इंजेक्शनवाल्या कारचा इलेक्ट्रिक पंप बसवला. चावी लावताच कार्ब्युरेटरमधून कारंजं उडतं. सुई कमजोर आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सुईची काही चूक नाही. तुम्ही बसवलेला पंप साधारण तीन बार, म्हणजे त्रेचाळीस-चव्वेचाळीस पीएसआय दाब देतो. कार्ब्युरेटरला तीन पीएसआय पुरतात. चौदा पट दाबापुढे कुठलाच फ्लोट टिकणार नाही. तो पंप आजच काढा, चावी लावून आणखी प्रयोग करू नका. जुन्या मेकॅनिकल पंपाला नवा डायफ्राम आणि व्हॉल्व्ह घालून घ्या. तो मिळालाच नाही, तर खास कार्ब्युरेटरसाठीचा कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप घ्या. पण एक लक्षात ठेवा, मेकॅनिकल पंप इंजिनासोबत थांबतो, इलेक्ट्रिक पंप चावी चालू असेपर्यंत पेट्रोल ढकलत राहतो. अपघातात पाइप तुटला तरीही. म्हणून त्याची वायर थेट चावीवरून घेऊ नका. रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच लावा आणि तो ऑइल प्रेशरच्या स्विचवरून चालेल अशी जोडणी चांगल्या वायरमनकडून करून घ्या, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबेल.